चिझुरू तोगाशीला मिळालेल्या शाबासक्या

जपानमधल्या त्सुरुओका गावातल्या आमच्या लोणच्याच्या कारखान्यात चिझुरू तोगाशी माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. लहानपणी ती चांगली गुबगुबीत होती. आजोबा लाडानं तिला ‘मोची’ म्हणायचे, म्हणजे तांदळाचा मऊ गोळा. सहावीत शाळेत वजनं झाली आणि एका पोरानं तोच शब्द भर वर्गात ओरडून सांगितला. त्या दिवसापासून हिचा भात निम्मा झाला.

पुढे उंची वाढली, वजन जागचं हललं नाही. जन्मभर डाएट करणारी आई शेजारणींना ऐकवायची, “आमच्या चिझुरूला सांगावंच लागत नाही!” पाळी थांबली तेव्हा म्हणाली, “परीक्षेचा ताण असेल.”

कारखान्यातली आरोग्य तपासणी म्हणजे पोटवाल्या पुरुषांची शिकार. नर्सबाई कंबर मोजायची टेप घेऊन त्यांच्या मागे, आणि चिझुरू समोर आली की टेप खिशात. ‘वजन कमी’ हा शेरा वाचून आमचे मॅनेजर ओताकी साहेब म्हणायचे, “वा, तोगाशी-सान! शिका रे हिच्याकडून.” गेल्या वर्षी आरोग्य सप्ताहाच्या पोस्टरसाठी त्यांनी तिलाच निवडलं. हातात सफरचंद देऊन जिन्यात उभं केलं. “हसा!” म्हटल्यावर ती हसली आणि हसत हसतच खाली कोसळली. मनगट मोडलं.

“पोटभर कधी जेवलीस शेवटची?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. हिला आठवेना.

“हाडं म्हातारीची झालीत तुझी.”

परतताना माझ्या गाडीत ती रडायला लागली. “अगं, सगळे शाबासकीच देत होते गं मला.”

मग ती जेवायला शिकली. कधी चिडून, कधी डोळे पुसत; मी शेजारी बसून गुपचूप माझा डबा खायचे. हळूहळू गाल भरले, पाळी परत आली. आणि अख्ख्या ऑफिसला तिची काळजी वाटायला लागली! ओताकी साहेबांनी तर बाजूला घेऊन विचारलं, “घरी काही दुःख?”

“नाही साहेब. भूक लागते.”

पोस्टरवर नवी मुलगी आली, हिच्याहून बारीक.

आईचा फोन आला. “सुटलीस का गं जरा?”

“हो. तू काय खाल्लंस आज?”

“एक अंडं,” आई म्हणाली.

रविवारी चिझुरू तिला सोबा शेवयांच्या दुकानात घेऊन गेली. आईनं निम्म्या शेवया लेकीच्या वाडग्यात सरकवल्या, लेकीनं त्या परत टाकल्या. पुन्हा इकडे, पुन्हा तिकडे.

“भांडू नका हो,” दुकानदारीणबाई म्हणाल्या, “आत अजून आहेत.”