वहिनींचं बोट आणि बिनपिशवीचं मशीन

आमच्या घरात गालिचा आला, तो व्हॅक्यूम क्लीनरला काम मिळावं म्हणून.

क्रम उलटा वाटेल, पण घडलं तसंच. मी नुकताच निवृत्त झालो होतो. नोकरीत माझ्या हाताखाली माणसं होती. आता हाताखाली फक्त मोबाईल उरला होता. त्यात एकदा चुकून व्हॅक्यूम क्लीनरचा व्हिडिओ लागला आणि मोबाईलने माझा स्वभाव ओळखला. त्यानंतर तो मला दुसरं काही दाखवेना. कुठल्याशा गोऱ्या बाईच्या घरातून कुत्र्याचे केस कसे निघतात, हे मी जळगावात पंख्याखाली बसून रोज पाहत होतो. उभा चांगला की आडवा, पिशवीचा चांगला की बिनपिशवीचा, यावर माझी मतं इतकी पक्की झाली की चहाला आलेल्या माणसाला ती ऐकवल्याशिवाय मी बिस्किट पुढे करत नसे. (लोक चहाला येईनासे झाले, ते वेगळं.)

"अहो, आपल्याकडे कुत्रा नाही," सुनंदा, म्हणजे माझी बायको, म्हणाली.

"केस तर आहेत ना?"

"तुमचे?" तिने माझ्या डोक्याकडे पाहत विचारलं.

तरी आम्ही दुकानात गेलो. विक्रेता तरुण होता आणि त्याने मला पाहताक्षणी ओळखलं असावं.

"साहेब, हे उभं मशीन. वाकायचं कामच नाही. आणि बॅगलेस आहे, म्हणजे पिशवी बदलायची कटकट नाही. कचरा या पारदर्शक डब्यात गोल फिरताना स्वच्छ दिसतो."

"कचरा दिसून काय करायचं?" सुनंदाने विचारलं.

"मॅडम, समाधान मिळतं."

पुढे तो फिल्टर, धुणं, वाळवणं असं बरंच काही बोलत होता, पण तोपर्यंत माझं समाधान सुरू झालं होतं.

घरी आणल्यावर कळलं की मशीनच्या तोंडाशी जो फिरता ब्रश आहे, तो गालिच्यासाठी आहे. आमच्या फरशीवर तो उड्या मारायचा. समोर गव्हाचा दाणा आला की तो ओढायच्या ऐवजी थेट स्वयंपाकघरापर्यंत उडवायचा. शिवाय तोंड रुंद असल्यामुळे ते कोपऱ्यात शिरत नसे. सुनंदाने पहिल्याच दिवशी निकाल दिला, "आवाज फार करतं आणि कोपरे घेत नाही." या दोन तक्रारींवर उपाय म्हणून मी गालिचा आणला. (कोपऱ्यांशी त्याचा काय संबंध, हे मला तेव्हाही सांगता आलं नव्हतं.) गालिचा मात्र गुणी निघाला. तो दिवसभर लव सोडायचा आणि मशीन ती ओढायचं. दोघांचं इतकं जमलं की आमची त्यात काही गरज उरली नाही.

अशात श्रावण लागला. आमच्या खानदेशात श्रावणात कानबाई येते. नागपंचमीनंतरच्या रविवारी स्थापना, सोमवारी विसर्जन. सगळे भाऊबंद एका घरी जमतात, नैवेद्याचे रोट होतात, पुरणपोळ्या होतात, बायका रात्र जागवतात. ज्या घरी देवी बसणार, ते घर आधी भिंतींपासून भांड्यांपर्यंत घासून काढावं लागतं. आमची कानबाई वर्षानुवर्षं धुळ्याला माझ्या मोठ्या भावाकडे, दादांकडे, बसायची. यंदा वहिनींचे गुडघे फारच धरले, म्हणून त्यांनीच सांगितलं की कानबाई जळगावला बसवा.

सुनंदाला हे किती मोठं होतं, ते मला ठाऊक आहे. लग्न होऊन आल्यापासून ती धुळ्याच्या घरात पुरण वाटणारी धाकटी जाऊ होती. आता पहिल्यांदा देवी तिच्या घरी येणार होती, आणि सगळं नीट पार पडलं तर पुढेही तिच्याकडेच राहणार होती. भिंतींना रंग लागला. अंथरूण-पांघरूण धुऊन निघालं. पितळेच्या भांड्यात तोंड दिसू लागलं. हे सगळं तिने केरसुणीने आणि फडक्याने केलं. मशीनला तिने कोपऱ्यात उभं करून वर चादर टाकली होती.

एवढी जय्यत तयारी कशासाठी, तर वहिनींच्या बोटासाठी. हे बोट आमच्या भाऊबंदांत प्रसिद्ध आहे. कुणाच्याही घरी गेल्या की वहिनी बोलता बोलता दाराच्या चौकटीवरून, टीव्हीवरून, फ्रिजच्या माथ्यावरून बोट फिरवतात, अंगठ्यावर चोळतात आणि काहीच बोलत नाहीत. त्या न बोलण्याने भल्याभल्या सुना रडल्या आहेत. (धुळे या गावाच्या नावावरून विनोद करायचा मोह तुम्हाला होईल. वहिनींसमोर तो एका जावयाने केला होता. त्या जेवणात त्याला आमरस दुसऱ्यांदा वाढला गेला नाही.)

शनिवारी दुपारी सगळे आले. वहिनी गुडघे सांभाळत आत आल्या आणि बोट निघालं. चौकट झाली. टीव्ही झाला. फ्रिज झाला. कपाटाच्या वर पोचत नव्हतं, तर त्यांनी स्टूल मागवलं आणि आपल्या सुनेला चढवलं. सुनेनेही बोट दाखवलं. काही नव्हतं.

"चांगलं ठेवेल शे घर, सुनंदा," वहिनी म्हणाल्या.

सुनंदा चहा टाकायला म्हणून वळली. तिने पदराने डोळे पुसले, ते मी पाहिलं. मला तिचा अभिमान वाटला. या क्षणी मी फक्त गप्प बसायचं होतं, आणि तेवढं मला नोकरीतही कधी जमलं नव्हतं.

"बापू," दादा मला म्हणाले, "त्या कोपरामा चादर पांघरीसन काय उभं शे रे?"

"व्हॅक्यूम क्लीनर. बिनपिशवीचं."

"लाव मंग. देखू दे."

मी चादर काढली. मशीन सुरू झालं आणि मी ते गालिच्यावरून फिरवलं. डब्यात आधी करडं काहीतरी फिरू लागलं. मग त्यात एक लांब केस आला. मग भुईमुगाची फोलपटं आली. (ती माझी होती.) सगळे भाऊबंद डब्याभोवती गोळा झाले.

"सोफाखाले घाल," दादा म्हणाले.

मी घातलं. डबा निम्मा भरला.

"आते गादीवर."

आमची दिवाणावरची गादी कापसाची. कापसाच्या गादीवर हे मशीन लावणं म्हणजे काय असतं, ते त्या गोऱ्या बाईने कधी दाखवलं नव्हतं. गादीने आपलं सगळं पोट मशीनमध्ये रिकामं केलं. डबा काठोकाठ भरला आणि मी तो काढून दिव्यासमोर धरला. चुलतभावांनी वाहवा केली. मला खरंच समाधान मिळत होतं.

तेवढ्यात सुनंदा चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली.

"हाऊ बठ्ठा कचरा ह्याच घरना शे का?" वहिनींनी विचारलं.

वहिनींनी आपलं बोट डोळ्यांसमोर धरलं आणि त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "मना बोटले तं काहीच लागनं नही, माय."

त्या सुनंदाला टोचून बोलल्या नाहीत. त्यांना त्यांच्या बोटाची काळजी वाटत होती. पण खोलीतल्या प्रत्येक बाईला जे समजायचं ते समजलं. सुनंदाने ट्रे खाली ठेवला. कानबाई बसली, गाणी झाली, रोट झाले, विसर्जन झालं, आणि या सगळ्यात ती माझ्याशी फक्त "सरका" एवढंच बोलली.

सगळे गेल्यावर प्रायश्चित्त म्हणून मीच घर आवरायला घेतलं. देवीच्या चौरंगाभोवती गुलाल, हळद, कुंकू, रांगोळी सगळं सांडलेलं होतं. मी मशीन लावलं. ते सगळं सरसर आत गेलं आणि मशीनवर एक लाल दिवा लागला. पूर्ण ताकदीने चालत असेल, असं मला वाटलं.

"झालं समाधान?" सुनंदाने मागून विचारलं. मग म्हणाली, "आता हे धुळ्याला न्यायचं."

"विकायला?"

"अक्कांच्या घरी लावायला. बघू तिथं काय निघतं ते."

वहिनींना ती अक्का म्हणते. मला हा विचार एकदम पटला. कुठल्याही घरात लावलं तरी कचरा निघतोच, हे एकदा सिद्ध झालं की सुनंदाच्या घरावरचा डाग जाणार होता. वहिनींना झाडताना त्रास होतो, म्हणून मशीन वापरून बघा, असं निमित्त ठरलं. सुनंदाने डबा काढून धुतला, पुसला, उन्हात ठेवला. तो इतका लखलखीत झाला की त्यात जे दिसेल ते धुळ्याचंच असणार होतं.

एसटीत मशीन माझ्या शेजारी उभं राहिलं. कंडक्टरने त्याच्याकडे खालून वर पाहिलं.

"हाई काय शे, भाऊ?"

"घर झाडायचं मशीन."

"घर झाडाले धुळ्याले चालनात?"

पारोळ्यापर्यंत पुढच्या सीटवरची माणसं वळून वळून आमच्याकडे बघत होती. सुनंदा खिडकीबाहेर कपाशी बघत होती. तिच्या मांडीवर डबा होता, साडीच्या पदराने झाकलेला.

धुळ्याला चहापाणी झालं. हॉलच्या एका कोपऱ्यात प्लगची जागा होती. तिथेच इतकी वर्षं कानबाई बसायची. रोषणाईसाठी दादांनी मुद्दाम तो प्लग बसवून घेतला होता. तो कोपरा आता रिकामा होता. वहिनींनी तिथे ना खुर्ची ठेवली होती ना टेबल. मी वायर जोडली आणि मशीन सुरू केलं.

सोफ्याखाली फिरवलं. डबा रिकामा. पलंगाखाली फिरवलं. डबा रिकामा. शेवटी मी पायपुसण्यावर लावलं, ज्यावर नुकतेच आम्ही दोघांनी पाय पुसले होते. डबा लखलखीत.

"काहीच निंघत नही ना रे," दादा म्हणाले. त्यांच्या आवाजात बायकोचं कौतुक होतं.

"निंघी काय?" वहिनी म्हणाल्या. "सून रोज झाडस, मी बोट फिरावस."

सुनेने रिकाम्या डब्याचा फोटो काढला आणि भाऊबंदांच्या ग्रुपवर टाकला. अंगठे येऊ लागले. सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. आता कानबाई आपल्याकडून गेली, असं त्या नजरेत होतं, आणि मला फार वाईट वाटलं.

"भाऊजी, हाऊ लाल दिवा काबर लागेल शे?" वहिनींनी विचारलं.

तेव्हा कुठे मला त्या विक्रेत्याचं उरलेलं बोलणं आठवलं. मी घाईघाईने मशीन प्लगपाशी ओढून बंद केलं आणि वरचं झाकण उघडलं. आत एक गोल फिल्टर होता, विटेसारखा गच्च झालेला. कचरा निघत नाही तो घर स्वच्छ आहे म्हणून नव्हे, मशीन तुंबलंय म्हणून, हे सर्वांसमोर दाखवायला मी फिल्टर तळहातावर जोरात आपटला.

गुलालाचा लोट उठला. दादांचा सदरा, माझा चष्मा, पांढरीशुभ्र फरशी, सगळं गुलाबी झालं. धुळ्याच्या घरात पहिल्यांदाच एवढी घाण झाली असेल, आणि ती अख्खी आम्ही जळगावहून तिकीट काढून आणली होती. सुनंदाने डोळे मिटून घेतले.

"हाऊ गुलाल कोठला?" वहिनींचा आवाज बारीक झाला होता.

"कानबाईचा," मी म्हणालो. "आमच्याकडे बसली होती तेव्हाचा."

वहिनी खाली बघत होत्या. सगळ्यात जास्त गुलाल पडला होता तो त्या रिकाम्या कोपऱ्यात.

"देख, सुनंदा," त्या म्हणाल्या. "तिनी जागावर उनी ती." आणि गुडघ्यांची पर्वा न करता त्या खाली बसल्या. चिमूटभर गुलाल उचलून कपाळाला लावताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "आठे कोनी झाडू लावानं नही," त्यांनी सुनेला सांगितलं.

मी सांगायला तोंड उघडलं की वहिनी, हे फिल्टरचं आहे, यात आमच्या गालिच्याची लवही आहे. सुनंदाचा पाय माझ्या पायावर पडला. ती वहिनींच्या शेजारी खाली बसली.

"हो, अक्का," ती म्हणाली. "कानबाईच आली. पुढल्या वर्षी इथंच बसवू. कामाला मी येईन आधीपासून."

वहिनींनी तिच्या कपाळाला गुलाल लावला. आमच्या घरचाच होता तो, सोफ्याखालच्या धुळीसकट.

परतीच्या एसटीत मला राहवलं नाही. "अगं, पण तो फिल्टर होता."

"माहीत आहे मला."

"मग? तू तर त्यांचा कचरा दाखवायला निघाली होतीस."

"त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं," ती म्हणाली. "ते दिसलं नाही तुम्हाला? की त्यालाही पारदर्शक डबा लागतो?"

मी पारोळ्यापर्यंत खिडकीबाहेरची कपाशी बघत राहिलो.

मशीन धुळ्यालाच राहिलं. देवी ज्यातून आली ते परत कसं न्यायचं? ते त्या कोपऱ्यात उभं असतं, त्याला हळदकुंकू लागतं आणि ते कुणीही सुरू करत नाही. आमच्याकडे गालिचा उरला. तो झाडायला माणूस हवा, आणि सुनंदाच्या मते घरात मोकळा माणूस एकच आहे.

परवा दोघी जावा फोनवर बोलत होत्या. फोन स्पीकरवर होता.

"मशीन आठे ऱ्हायनं," वहिनी म्हणत होत्या. "मंग आते तू झाडाले काय लावस?"

"आहे ना, अक्का, दुसरं एक," सुनंदा म्हणाली. "तेही उभंच आहे, बिनपिशवीचं. आवाज फार करतं, पण कोपरे घ्यायला लागलंय आता."

मी केरसुणी उचलली. सोफ्याखालचं राहिलं होतं.