मधल्या रेषेतला माणूस

माझ्या आत्याला सगळे चुनाआत्या म्हणतात. फुटबॉलच्या मैदानावर चुन्याच्या रेषा आखायचं काम ती पस्तीस वर्षं करते आहे. तिच्या आधी ते आजोबा करायचे. "जन्मभर लोकांना चुना लावलास," असं कोणी चिडवलं की ती म्हणते, "लोकांना नाही, गवताला. गवत तक्रार करत नाही."

तिचं घर मैदानातच आहे, पूर्वेकडच्या गॅलरीखाली. दोन खोल्या. स्वयंपाकघराचं छत म्हणजे वरच्या पायऱ्यांची खालची बाजू, त्यामुळे ओट्यापाशी ताठ उभं राहता येतं आणि खिडकीपाशी वाकावं लागतं. सामन्याच्या दिवशी वर हजारभर माणसं बसतात. गोल झाला की छतातून भुगा पडतो, म्हणून ती दुधावर आधीच झाकण ठेवते. सामने तिने फारसे पाहिलेले नाहीत. पायांच्या आवाजावरून तिला सगळं कळतं. पण लहानपणी मला धडकी भरायची ती वेगळ्याच गोष्टीने. सामना नसलेल्या दिवशी, भर दुपारी, भाजी चिरता चिरता ती मान वर करून म्हणायची, "हो, ऐकलं. येते." वर चिटपाखरूही नसायचं.

आजोबा गेले तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. त्यांची मूठभर राख तिने चुन्यात मिसळली, रेषा आखायच्या गाडीत भरली आणि कोपऱ्यातल्या झेंड्याभोवतीची कमान आखली. कोणाला सांगितलं नाही. पण कुंपणाबाहेर सलूनवाला उभा होता, आणि त्याच्या नजरेतून काही सुटत नाही. वर्षभराने त्याची आई वारली. तो डबा घेऊन दारात आला.

"आत्या, आई कायम गोलच्या मागे बसायची. तिला तिथेच ठेवशील?"

"कुठे बोलायचं नाही."

"माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे खरं. पण हे नाही बोलणार."

तो बोलला नाही. तरी लोक येऊ लागले. एकेकटे, मागच्या दाराने, आणि प्रत्येकाला वाटे की आपण एकटेच आलो आहोत. जन्मभर पंचांना शिव्या घालणारे एक मास्तर होते. त्यांच्या बायकोने हट्टाने बाजूची रेष मागून घेतली. "आता बघू दे म्हणावं जवळून!" असं म्हणाली आणि आत्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. अशी एक्केचाळीस माणसं त्या रेषांत गेली. कुठे लिहिलेलं नाही, आत्याला पाठ आहेत. सकाळी गाडी ढकलताना ती प्रत्येकापाशी किंचित थांबते. धुकं असलं की मी तिच्याबरोबर जायला घाबरायचे. पुढे कोणीतरी वाट बघत उभं आहे अशा चालीने ती चालायची.

यात एक माणूस आमचा नव्हता. नदीपलीकडच्या क्लबशी आमचं जुनं हाडवैर. आजोबांनी त्यांच्या माणसाला कधी पाणीसुद्धा विचारलं नाही. त्यांच्या मैदानावर रेषा आखणारा माणूस मात्र आत्याकडे यायचा. दर उन्हाळ्यात आमचा जड रोलर उसना न्यायचा, परत आणताना थोडं चांगलं बी आणायचा. दारातच उभा राहून चहा घ्यायचा. त्याला बायको होती, मुलगी होती. आत्याने लग्न केलं नव्हतं. याहून जास्त मला माहीत नाही, आणि मी विचारलं तेव्हा आत्याने विषय बदलला.

तो वारल्यावर त्याची मुलगी आली. "बाबा म्हणाले होते, आपल्या मैदानाचं काही खरं नाही, विकतील कधीतरी. मला तिकडे ठेव. तिथली बाई रेष सरळ आखते."

आत्याने त्याला मैदानाच्या मधल्या रेषेत घातलं. तेव्हापासून वरचे आवाज वाढले, असं तिने मला खूप नंतर सांगितलं. वडील रागावलेत, दुसरं काय! अकरा वर्षं तिने ही गोष्ट मनात दाबून ठेवली.

दोन वर्षांपूर्वी नदीपलीकडचं मैदान खरंच विकलं गेलं. तिथली गॅलरी पाडली. आमच्या समितीने ठरवलं की आता दोन्ही क्लब इथेच खेळतील, एका शनिवारी आपण, पुढच्या शनिवारी ते. रविवारी सकाळी पाठीराख्यांची सभा भरली, खेळाडू कपडे बदलतात त्या मोठ्या खोलीत. मी आत्याशेजारी बाकावर बसले होते.

"आज शनिवार मागतायत, उद्या घरच मागतील," एक गवंडी म्हणाला.

"माझ्या बाकावर त्यांचा कोणी बूड टेकवणार? मी तो बाक उपटून घरी नेईन," एक म्हातारे गृहस्थ म्हणाले. त्यावर एकजण म्हणाला, "आधी तुमचे गुडघे सांभाळा, मग बाक उपटा."

बस चालवणारी एक बाई उठली. "अहो, त्यांचं छप्पर गेलंय. आपलं गेलं असतं तर आपण कुठे गेलो असतो?" तिला लोकांनी ओरडून खाली बसवलं.

मग सलूनवाला उभा राहिला. "मी इतकी वर्षं बोललो नाही. माझी आई त्या गोलच्या रेषेत आहे. त्यांचे लोक तिला तुडवणार आणि मी बघत बसायचं?"

मागून एका बाईचा आवाज आला, "माझे भाऊ पण आहेत." मग मास्तरांची बायको उठली. मग आणखी कोणी. एकेक माणूस उठत गेलं, एकमेकांकडे बघत राहिलं. पुढची काही मिनिटं मी विसरणार नाही. जिवंत माणसांपेक्षा त्या खोलीत गेलेल्यांचीच गर्दी झाली होती.

सलूनवाला म्हणाला, "आत्या, तूच सांग समितीला. इथे सगळी आपली माणसं आहेत. परक्याला जागा नाही."

आत्याने आपल्या हातांकडे पाहिलं. चुन्याने तिची बोटं कायम तडकलेली असतात.

"सगळी आपली नाहीत," ती म्हणाली. "मधल्या रेषेत त्यांचा एक आहे. अकरा वर्षं झाली. तुम्ही त्याच्यावर उभे राहून फोटो काढलेत."

एकच गलका झाला. कोणी तिला फितूर म्हणालं. सलूनवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "माझ्या आईच्या शेजारी?"

"शेजारी नाही रे. मध्ये अर्धं मैदान आहे. भांडलीच तर आपल्याला ऐकू यायचं नाही."

एरवी या वाक्यावर सगळे हसले असते. त्या दिवशी कोणी हसलं नाही. सभा तशीच उठली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आत्याचा मला फोन आला. "ये," एवढंच म्हणाली. मी गेले तर मैदानाच्या मधोमध, या कडेपासून त्या कडेपर्यंत, वीतभर खोल चर खणलेला. माती दोन्ही बाजूंना भिरकावलेली. काही ढेकळं पार गॅलरीच्या पायऱ्यांवर पडली होती. आत्या चराच्या टोकाशी उभी होती, अंगावर शाल, पायात काही नाही.

"कोणी केलं?" मी विचारलं.

"फावड्याने," ती म्हणाली.

आम्ही माती ओढायला लागलो. थोड्या वेळाने सलूनवाला आला. त्याने घमेलं उचललं. मी त्याच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही तळव्यांवर मोठे, ताजे फोड होते. कात्री चालवून असे फोड येत नाहीत. आत्यानेही ते पाहिले. तिने त्याच्या हातातलं घमेलं काढून घेतलं आणि त्याला दाताळं दिलं. "हे हलकं आहे," म्हणाली. दुपारपर्यंत आम्ही तिघांनी चर बुजवला. तो एकदाच बोलला, "आता कोण कुठे गेलं असेल?" आत्याने पुढचं घमेलं चरात ओतलं.

महिन्याभराने त्यांचा पहिला सामना झाला. त्यांची माणसं बिचकत आत आली, पाहुण्यांच्या घरात लहान मुलं बसतात तशी बसली. त्यांचा संघ हरला. मैदान रिकामं झाल्यावर मधल्या रेषेतल्या माणसाची मुलगी खाली उतरली. चराबद्दल तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"आत्या, बाबा नेमके कुठे आहेत?"

मी मागेच होते. गॅलरीच्या जिन्यापाशी सलूनवालाही थांबला होता. आत्याला माहीत होतं की तो आता नेमका कुठेच नाही. तरी ती चालत गेली, मधल्या वर्तुळाच्या थोडी अलीकडे थांबली आणि पायाने जागा दाखवली. "इथे."

मुलगी तिथे खाली बसली. गवतावर हात ठेवून बराच वेळ बसून राहिली. सलूनवाला मान खाली घालून निघून गेला.

"खोटं सांगितलंस," घरी आल्यावर मी म्हटलं.

"मग काय दाखवायचं होतं तिला? ढेकळं?" आत्या म्हणाली. त्या रात्री ती जेवली नाही.

दोन्ही क्लब अजून तिथेच खेळतात. आमचे लोक अजून कुरकुरतात, पण बाक कोणी उपटलेला नाही. मुलगी दर सामन्यानंतर त्याच जागी जाऊन उभी राहते. आत्या तेव्हा बाहेर येत नाही. मधली रेष आखताना ती आता कुठे थांबत नाही, झपाझप चालते. एकदा मला म्हणाली, "पूर्वी तिथे बाजूने कोणी चालतंय असं वाटायचं. आता काहीच वाटत नाही. त्याचीच भीती वाटते."

गेल्या महिन्यात मुलगी डबा घेऊन मागच्या दारात आली. तिची आई वारली होती. "बाबांच्या शेजारीच ठेवाल ना?"

आत्याने डबा दोन्ही हातांत घेतला. आत जाऊन चुना चाळला, त्यात राख मिसळली, आणि ज्या जागी तिने पाय ठेवून दाखवलं होतं तिथे गाडी नेली. रेष सरळ आली. सलूनवाला कधी येऊन उभा राहिला ते आम्हाला कळलं नाही. त्याने टोपी काढून हातात धरली होती.

"निदान आता तिथे कोणीतरी आहे," आत्या मला हळूच म्हणाली आणि गाडी घेऊन पुढे निघाली.