बंड्याला शाब्बासकी

शेजारच्या सुमतीकाकूंना परदेशातल्या मुलीचा फोन आला, की त्यांचा कुत्रा बंड्या भुंकायला लागायचा. पंजाने पदर ओढायचा, मांडीवर चढायचा. काकू रागावल्या की त्याला आणखीच चेव यायचा. "आई, दे बाई त्याला कुणाला तरी," असं मुलगी वैतागून म्हणाली, तेव्हा काकूंचे डोळे भरून आले.

मग त्यांनी रागावणंच सोडलं. बंड्या भुंकला की त्या पाठ फिरवून शांत उभ्या राहायच्या. तो गप्प बसला, की लगेच "शाब्बास रे माझ्या राजा!" म्हणत पोळीचा तुकडा द्यायच्या. आधी तो जास्तच भुंकला, पण काकू ढळल्या नाहीत. गॅलरीतून बघताना मला त्यांचं फार कौतुक वाटायचं. कुणी दंगा केला की आपण सगळेच धावतो. कुणी शहाण्यासारखं बसलंय, याची दखल कोण घेतं?

काल मी काकूंकडे गेले, तेव्हा त्या मुलीशी पोटभर बोलत होत्या. बंड्या पायाशी निवांत पडला होता. मध्येच मुलगी घाबरून म्हणाली, "आई, आज बंड्याचा आवाज नाही? बरा आहे ना गं तो?"