आधी जावेला तपासा

बेबीताईंचा विश्वास कुणावरच नव्हता. दूधवाल्याच्या मापावर नव्हता, एसटीच्या पाटीवर नव्हता आणि सरकारी दवाखान्यावर तर मुळीच नव्हता. त्याच दवाखान्याच्या गोळीवर त्या पंधरा वर्षं धडधाकट जगल्या, हा भाग वेगळा. नवरा एचआयव्हीने गेला आणि जाताना आजार यांना देऊन गेला. घरात हे कुणालाच ठाऊक नाही, अशी त्यांची पक्की समजूत. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून जवळचा दारव्ह्याचा दवाखाना सोडून गोळ्यांसाठी थेट यवतमाळ गाठायच्या आणि डबीवरचा कागद तिथेच खरवडून टाकायच्या.

या खेपेला समीक्षा नावाच्या समुपदेशक मुलीने सांगितलं, "काकू, गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी करून घ्या. गोळीने विषाणू दबून राहतो, पण या आजारात पेशींच्या आतल्या डीएनएची मोडतोड जास्त होते, शरीराला ती नीट सांधता येत नाही. म्हणून कॅन्सरचा धोकाही जास्त."

बेबीताईंच्या मनात पाल चुकचुकली. "आमालेच काहून? गोळ्या तं तुमच्याच खाल्ल्या न?"

"गोळीनं नाही काकू, आजारानं. गोळी सोडाल तर धोका वाढेल."

ऐकतील त्या बेबीताई कसल्या! आपल्यावर काहीतरी प्रयोग चाललाय, हे त्यांनी ठरवूनच टाकलं. मग त्यांनी डाव रचला. धाकटी जाऊ भागीरथा ठणठणीत होती, आणि तिच्याशी यांचं रोजचं भांडण. बायांचं शिबिर आहे असं सांगून तिला सोबत न्यायचं. तिलाही काही निघालं, की दवाखाना लबाड!

"आधी जावेला तपासा," पुढच्या खेपेला दवाखान्याच्या दारातच त्यांनी बजावलं. नर्सने औषध लावून पाहिलं. भागीरथेला काहीच नव्हतं. बेबीताईंच्या वेळी मात्र पांढरा चट्टा दिसला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा कॅन्सर नाही. पण असाच सोडला तर होऊ शकतो. आजच जाळून टाकू, थोडा वेळ लागेल."

बेबीताईंना मरणाची भीती वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली ती घरी कळण्याची. "घरी इचारून सांगतो," म्हणत त्या बाहेर आल्या. विचारणार कुणाला होत्या, देव जाणे.

पडद्यापलीकडे बसलेल्या भागीरथेने सगळं ऐकलं होतं. तिने वाट अडवली. "वापस चाला, बाई. भासरे तं तुमाले मागं ठिवून गेले, आता तुमी बी गेल्या तं मी भांडू कोनासंग?"

"तुले काय माईत?"

"समदं माईत हाये. तुमची गोळ्याइची डबी वाजली का मी टीव्हीचा आवाज वाढवतो. पोरायले ऐकू जाऊ नये म्हनून."

"मंग इतक्या डाव भांडलो आपन. एकडाव बी काहून नाई काढलं तोंडातून?"

"भांडन अलग, हे अलग."

बेबीताई तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. त्या चेहऱ्यावर लबाडी शोधून शोधून दमल्या. मग पदराने डोळे पुसले आणि निमूट आत गेल्या.