पूजेत बसलेलं साडीगार्ड

माझ्या थोरल्या बहिणीचा डावा पाय घोट्यातून चिरडला, तो आणीबाणी उठली त्या वर्षीच्या खंडेनवमीला, सकाळी, कोल्हापूरच्या उद्यमनगरात, तिच्याच नवऱ्याच्या शेडच्या दारात. अन्याय तिच्यावर झाला. हे पहिल्या ओळीत लिहिते, कारण नंतर महिनाभर लोकांनी चौकशी केली ती गाडीची.

ताई मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका होती. खो-खो शिकवायची. खांबाला वळसा कसा घालायचा हे तोंडानं सांगत बसायची नाही, साडीचा ओचा खोचून स्वतः पळून दाखवायची. तिची नोकरी म्हणजे तिचे पाय. हे सगळ्यांना माहीत होतं, दाजींनाही.

दाजींची शेड म्हणजे दोन लेथ, एक ड्रिल आणि दारात उभी फटफटी. इंग्रज गेले तेव्हा मागं राहिलेली, पाचशे सीसीची, लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी बांधलेली. काटा मैलांचा, टाकी म्हशीच्या पाठीसारखी रुंद. मी त्या गाडीला नावं ठेवणार नाही. पुण्याच्या रस्त्यावर तिच्या मागं बसून मी गेले आहे. साठ मैलांवर काटा थरथरत उभा राहायचा, डोळ्यांतून पाणी यायचं आणि खाली इंजिन मात्र एकेक ठोका सावकाश टाकत असायचं, जणू त्याला कुठं जायची घाईच नाही. चांगलं यंत्र होतं. माझं भांडण यंत्राशी नाही.

भांडण संध्याकाळच्या बैठकीशी आहे. लेथ बंद झाले की शेडमध्ये चहा यायचा आणि वेगाचा विषय निघायचा. दाजींचा एक दोस्त होता, शाहूपुरीत दुकान असलेला. त्याच्याकडं नवी कोरी देशी गाडी, साडेतीनशेची. तो आला की पहिलं वाक्य ठरलेलं.

"काय पावणं, म्हातारं खोकतंय का अजून?"

"खोकत न्हाय," दाजी म्हणायचे. "दम राखून हाय. तुझं पोरगं चढाला लागलं की आईला हाका मारतंय."

"ऐंशी गाठतंय माझं!"

"उताराला म्हसबी ऐंशी गाठती. स्पीडचं काय सांगतोस? टॉपगिअरमधी चढ चढून दाव. गिअर न बदलता."

त्यातून पैज लागली. पन्हाळ्याच्या रस्त्याला वाघबीळचा चढ आहे. दसऱ्याच्या दुपारी, सोनं लुटायच्या आधी, दोन्ही गाड्यांनी तो टॉपगिअरमध्ये चढायचा. जो गिअर पाडेल तो हरला.

मग वजन उतरवणं सुरू झालं. मागचं कॅरिअर गेलं. हत्यारांची पेटी गेली. पायांपुढचं लोखंडी गार्ड गेलं. सायलेन्सरच्या आतली नळी काढली, तर अख्खं उद्यमनगर दणाणलं. दाजी एकेक भाग हातात तोलून बघायचे, जोंधळ्याचं माप घ्यावं तसं. आणि शेवटी निघालं साडीगार्ड.

ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. मागच्या चाकाच्या डाव्या अंगाला सळ्यांची जाळी असते. आपल्या बायका एका बाजूला पाय सोडून बसतात, त्यांची साडी चाकात जाऊ नये म्हणून. विलायती गाडीला ती कुठली असणार? दाजींनी लग्न ठरल्यावर स्वतः वेल्डिंग करून बसवली होती. मधोमध सळई वाकवून कमळ केलं होतं. ताईनं ते मैत्रिणींना दाखवलं होतं, दागिना दाखवावा तसं. त्याच माणसानं पैजेसाठी ते काढलं. का? तर जड आहे म्हणून.

खंडेनवमीला शेडमध्ये हत्यारांची पूजा. पाटावर नट फिरवायचे पाने, हातोड्या, पकडी, फाइली ओळीनं मांडल्या होत्या. त्यांच्या शेजारी गाडीचे उतरवलेले भागही मांडले होते, कारण लोखंड तेवढं पूजेत बसवायचं ही तिथली रीत. साडीगार्डाला हळदकुंकू लागलं, कमळावर झेंडू चढला. गाडीही हार घालून दारात उभी होती, चाकाखाली लिंबं ठेवून.

आरती झाली. दाजींच्या घरात अशी पद्धत होती की पूजेनंतरची पहिली फेरी मालकानं बायकोला मागं बसवून मारायची. ताई काठपदराचं नवं रेशमी पातळ नेसली होती. ती गाडीजवळ गेली, मागचं चाक बघून थांबली.

"गार्ड कुठं हाय?"

"पूजेत हाय की," दाजी म्हणाले.

"मग लावा की. दोन बोल्टांचं तर काम."

"आज न्हाय उचलायचं. पूजेत बसलेलं हत्यार उद्या उठतंय. पाना उचलायचा न्हाय, गार्ड उचलायचं न्हाय."

"आणि गाडी? तिची न्हाय झाली व्हय पूजा?"

 उत्तर दाजींच्या दोस्तानं दिलं. "वैनी, एवढं भ्याय काय झालं? मास्तरीणबाई पोरींना म्हणत असतील की धिटाईनं पळा!" सगळे हसले. सणाला आलेली आमची आईही हसली. "बस की गं. कोपऱ्यापर्यंत तर जायचंय. सणाचं खोळंबून ठेवू नको."

ताईनं पदर कमरेला खोचला. दोनदा खोचला. मी बघितलं आहे, म्हणून लिहिते. मग ती बसली.

लिंबं फुटली. गाडी पहिल्या गिअरमध्ये निघाली, माणूस चालतो त्या वेगानं. ज्या गाडीच्या वेगाबद्दल महिनाभर बैठका झाल्या ती तेव्हा सायकलच्याही मागं पडली असती. रेशीम घसरतं. निऱ्यांचा घोळ वाऱ्यानं उडून साखळीवर गेला आणि साखळीनं तो खाल्ला. आवाज मोठा आला नाही. कापड फाडल्याचा आला. ताई पाठीवर पडली आणि तिचा पाय साडीबरोबर ओढला जाऊन चाकाच्या तारांमध्ये, फ्रेमला दाबून बसला.

पाय सोडवायचा तर चाक ढिलं करायला हवं. चाक ढिलं करायला पाना हवा. आणि मी माझ्या कानांनी ऐकलं, कुणीतरी ओरडलं, "शेजारच्या शेडमधनं आणा!" एक जण पळत गेला आणि तसाच परत आला. त्यांचेही पाने पूजेत. त्यांच्या पलीकडच्यांचेही पूजेत. अख्ख्या उद्यमनगरात, जिथं रोज घण आणि पाने यांच्याशिवाय आवाज नसतो, तिथं त्या सकाळी एक पाना मोकळा नव्हता. माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघत होती. ताई खाली पडून साडीचा बोळा दातांत धरून होती.

शेवटी दाजी आत धावले. पाटावरून पाना उचलला. झेंडू उडाले, समई कलंडली. कोपली का देवी? पडली का वीज? काही झालं नाही. पाना उचलला गेला, कुंकू लागलेल्या पान्यानं नट फिरला. थोड्याच वेळापूर्वी जो उचलणं पाप होतं तो हाच पाना. मी अजून त्या क्षणातून बाहेर आलेली नाही. देवाची आडकाठी असती तर मी निदान देवाशी भांडले असते. आडकाठी नव्हतीच.

दवाखान्यात लोक भेटायला यायचे, मोसंबी घेऊन. बाहेर दाजींना विचारायचे, "किती स्पीडला हुती?" आत येऊन ताईला सांगायचे, "पदर सांभाळून बसायचं की." प्रत्येक जण. शाळेतल्या बायकासुद्धा. आईसुद्धा म्हणाली, "रेशमाचं कशाला नेसलीस?"

ताई छताकडं बघत म्हणाली, "तूच काढून दिलंवतंस."

पाय राहिला, पण घोटा वळेना. शाळेनं तिला शिवणाचा तास दिला. मैदानाच्या बाजूची खिडकी असलेला वर्ग नको, एवढंच तिनं मागितलं.

पैज मोडली असेल असं तुम्हाला वाटलं असेल. मलाही वाटलं होतं. दिवाळी पाडव्याला सकाळी मी शेडवर गेले, तर दाजी परत गाडी सोलत होते. साडीगार्ड त्यांनी दसऱ्यानंतर बसवलं होतं, तेही परत काढून भिंतीला टेकवलेलं.

"दाजी, हे काय चालवलंय?"

"वाघबीळ. आज हाय."

"आणि गार्ड?"

त्यांनी मान वर केली नाही. "मागं आता कोण बसतंय?"

मी मोर्चात लाठ्या बघितल्या आहेत. त्या वाक्यानं मी जशी हबकले तशी लाठीनं हबकले नाही. गाडी वाघबीळ चढली, टॉपगिअरमध्ये, एकदाही गिअर न पाडता. दोस्तानं गळ्यात हार घातला. घरी येऊन दाजींनी ते ताईला सांगितलं आणि तिनं विचारलं, "वरच्या वळणाला दम तोडला का?" ते म्हणाले, "न्हाय तोडला." ती म्हणाली, "चांगलं झालं." तिनं हे का विचारलं ते मला कळलेलं नाही, आणि कळलं असं मी खोटं लिहिणार नाही.

मी पत्रक काढलं. महागाईवर काढत होते, दुधावर काढत होते, साडीगार्डावरही काढलं. दोस्तानं ते पेट्रोल पंपावर मोठ्यानं वाचून दाखवलं. "मेव्हणीबाईंनी आता चाकाविरुद्ध मोर्चा काढावा!" हशा झाला. ज्या गाड्यांवर बसून ते हसत होते त्यांच्या डाव्या बाजू मी बघितल्या. बहुतेक उघड्या होत्या. एकीवर बाई बसली होती, मांडीवर तान्हं घेऊन.

ताईनं पत्रक वाचलं आणि एवढंच म्हणाली, "माझ्या पायावर फार लिवलंस. काय करायचं ते लिवलंच न्हाईस."

म्हणून आता ते लिहिते. तुमची गाडी दारात उभी असेल. हे खाली ठेवा, जा, आणि तिच्या मागच्या चाकाची डावी बाजू बघा. जाळी नसेल तर आज बसवून घ्या. आज अमावास्या असो, नवमी असो, पाना देवासमोर असो, उचला. आणि जाळी बसेपर्यंत कुठल्याही बाईला मागं बसवू नका. ती स्वतः बसते म्हणाली तरी नाही.