ताईंची उघडी खिडकी

माती तपासणाऱ्या आमच्या प्रयोगशाळेत ताईंचा विश्वास फक्त स्वतःच्या डोळ्यांवर. मी नळ बंद केला, तरी त्या उठून पुन्हा पिळणार. कुलूप मी लावायचं, ओढून त्यांनी बघायचं. मला राग यायचा. इथला कॉम्प्युटरवाला मी, आणि तोही कुणाकडे न शिकता झालेला, म्हणजे तोरा दुप्पट.

ताई निवृत्त होणार, तो दिवस उजाडला. साऱ्या नमुन्यांचे आकडे एका तक्त्यात गोळा करणारी एक लांबलचक कमांड, म्हणजे संगणकाला टाइप करून द्यायचा हुकूम, त्या वापरायच्या. पाठ नव्हती, वरचा बाण दाबत मागच्या कमांडांतून शोधायच्या. ती हरवली, तर तक्ता हाताने भरावा लागणार, आणि तो मलाच.

सरळ उतरवून घेतली असती, तर काम संपलं असतं. पण मग माझी हुशारी कुठे दिसणार? मी संगणकावरच्या सगळ्यांच्या खात्यांसाठी नियमच करायला बसलो: संगणक चालवणाऱ्या लिनक्सने कुणाचीच जुनी कमांड विसरायची नाही. सगळ्यांच्या सामायिक फाईलमध्ये किती कमांडा लक्षात ठेवायच्या ती मर्यादा वाढवली आणि ऐटीत म्हणालो, "ताई, स्क्रीनवरची तुमची कमांडांची खिडकी बंद करून पुन्हा उघडा."

"आधी तुझं चालू दे, मग बघू."

मी त्यांच्याच खात्यात दुसरी खिडकी उघडली. कमांडा दिल्या, बंद केली, पुन्हा उघडली. जुनं काही टिकेना. लिनक्सला शिव्या घातल्या, कीबोर्ड आपटला, आणखी कमांडा दिल्या. मग उमगलं: सामायिक फाईल आधी वाचली जाते, खात्याची स्वतःची नंतर, शेवटी चालतं तिचंच, आणि तिथे जुनी तोकडी मर्यादा ठाण मांडून बसलेली. माझ्या प्रत्येक चाचणीने साठवलेल्या यादीतून एकेक जुनी कमांड बाहेर ढकलली होती.

माझं तोंड उतरलं. "ताई, गेली."

"कोण गेली?"

"तुमची कमांड."

"जाईल कुठे? मी खिडकी बंदच केली नाही." त्यांनी बाण दाबला. उघड्या खिडकीला सगळं आठवत होतं. कमांड जशीच्या तशी.

"तेव्हाच बंद केली असती तर?"

"म्हणून तर तुझं ऐकलं नाही."

मी कमांड एका फाईलमध्ये उतरवली. मग खात्यातली ती तोकडी मर्यादा खोडली.

"आता करू बंद?" ताईंनी विचारलं.

"थांबा, आधी फाईल उघडून बघा," मी म्हणालो.

संध्याकाळी कुलूप लावलं आणि पहिल्यांदाच आपणहून बाजूला झालो.

"ताई, ओढून बघता?"