देखी ल्या, नवी शे

गोडादऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका न्हाव्याचं दुकान आहे. ब्लेडला तो पत्ती म्हणतो. गिऱ्हाईक बसलं की नवी पत्ती कागदासकट मधोमध मोडतो, अर्धी उस्तऱ्यात घालतो आणि तोंडासमोर धरतो. "देखी ल्या अप्पा, नवी शे." दाढी झाली की ती अर्धी झाकणाच्या डब्यात जाते. मी वैतागायचो. "अरे, मला चष्म्याशिवाय दिसत नाही. उरक." पण मी हो म्हणेपर्यंत त्याचा हात चालायचा नाही.

मागच्या साली कॅन्सरच्या औषधाने बायकोचे केस पुंजक्याने गळायला लागले. डॉक्टर म्हणाले, काढून टाका, पण खरचटलं तर तिला झेपणार नाही. तिला दुकानात यायची लाज वाटे. मी सांगितलं तसा तो दुकान बंद करून घरी आला. साबणाने हात धुतले, उस्तरा उकळून घेतला, नवं पाकीट फोडलं. आणि सवयीने पत्ती तिच्यासमोर धरली. "देखी ल्या माय, नवी शे."

"माले काय दाढी करनी शे का?" म्हणाली आणि हसली. किती दिवसांनी हसली ती! मग नीट बघून म्हणाली, "हां, नवी शे. चालू दे."

एक ओरखडा उठला नाही.

आता ती नाही. उपकार मानायचे तर मला बोलता येत नाही. तो पत्ती धरतो तेव्हा मी चष्मा लावून नीट बघतो. "हां, नवी शे. चालू दे," म्हणतो, आणि मगच चष्मा त्याच्या हातात देतो.